हाडाच्या चालीनं

इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि काही मोजण्याआधीच कळलं की पेशी गेल्या. आदल्या संध्याकाळी प्लेटच्या सगळ्या खळग्यांमधलं मीडियम लालसर नारिंगी होतं. सकाळी काचेची पूड घातलेल्या खळग्यांत ते गडद गुलाबी, जवळजवळ जांभळं झालं होतं. मीडियममध्ये फिनॉल रेड नावाचा रंग मिसळलेला असतो. द्रव आम्लाकडे झुकला तर तो पिवळा पडतो, अल्काकडे झुकला तर गुलाबी होतो. माझ्या काचेनं एका रात्रीत सामू इतका चढवला होता की सूक्ष्मदर्शकाखाली तळाला चिकटलेल्या, हातपाय पसरलेल्या पेशींच्या जागी गोल, आकसलेले ठिपके तरंगत होते. ज्या काचेची ओळख पुस्तकांत ‘हाडाशी जुळणारी काच’ अशी वाचली होती, त्या काचेनंच हाडाच्या पेशी मारल्या होत्या.

जैवक्रियाशील काचेवर काम करण्याचं माझं ते पहिलं वर्ष. आज मागे वळून पाहताना वाटतं, जिवंत ऊतीशी एखादा पदार्थ जुळतो म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नाचा पहिला धडा मला त्या गुलाबी रंगानं दिला. दुसरा धडा मॅग्नेशियमनं दिला, आणि तो शिकायला बरीच वर्षं गेली.

काच माझ्या घरात आधीपासून होती. माझे आजोबा कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यात भट्टीवर होते. 1916 साली सुरू झालेल्या या कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत लागायचा. आमच्याही माजघरात खुंटीला एक होता. त्याची काच पुसायचं काम माझ्याकडे असे आणि आजोबा शेजारी बसून सांगत की काच ओतणं सोपं, निववणं अवघड. घाईनं थंड केलेली काच वरून धड दिसते, पण आत ताण धरून बसते आणि एखाद्या दिवशी कुणी हात न लावता तडकते. त्यांच्या दृष्टीनं चांगली काच म्हणजे टिकणारी काच. पाण्यात विरघळणाऱ्या काचेवर मी नोकरी करते हे ऐकायला ते हयात असते, तर त्यांना ते समजावून सांगताना माझी कसोटीच लागली असती.

खिडकीच्या काचेत साधारण 70 टक्क्यांहून अधिक सिलिका असते. सिलिकाचे रेणू एकमेकांचे हात धरून घट्ट जाळं विणतात. सोडियम, कॅल्शियम त्या जाळ्यात शिरले की ते ठिकठिकाणी हात सोडवतात. हात फार सुटले, की काच पाण्याला दाद देऊ लागते. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच यांनी 1969 साली जी काच बनवली, तिच्यात वजनानं सिलिका फक्त 45 टक्के होती. सोडियम ऑक्साइड आणि कॅल्शियम ऑक्साइड प्रत्येकी साडेचोवीस टक्के आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड 6 टक्के. 45एस5 या नावानं ती आज ओळखली जाते. त्यामागची हकिगत हेंच यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. 1967 साली एका परिषदेला जाताना बसमध्ये शेजारी व्हिएतनामहून परतलेले एक लष्करी अधिकारी बसले होते. तरुण सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, कारण शरीरात बसवलेले धातू आणि प्लॅस्टिक शरीर स्वीकारत नाही. शरीर ज्याच्यासोबत राहू शकेल असं काही तुम्हाला करता येईल का, असं त्यांनी विचारलं. हेंच यांचा तर्क साधा होता. हाडाचा खनिज भाग हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा असतो. मग अंगावर तेच खनिज आपोआप चढवून घेणारा पदार्थ केला, तर शरीर त्याला परकं समजणार नाही. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेले ते तुकडे सहा आठवड्यांनी काढायला गेल्यावर शल्यचिकित्सकाला निघेचनात. हाडानं त्यांना धरून ठेवलं होतं.

हे होतं कसं, ते मला आजही सुंदर वाटतं. काचेचा कण द्रवात गेला की पृष्ठभागावरचा सोडियम बाहेर पडतो आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन शिरतो. सिलिकाचं जाळं सैल होऊन वर एक जेलीसारखा थर तयार होतो. त्या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट गोळा होतात, आधी बिनआकाराचे, मग हळूहळू स्फटिक होत कार्बोनेटयुक्त अॅपेटाइट बनतात. त्या थराला प्रथिनं चिकटतात, प्रथिनांना पेशी. काच स्वतः विरघळत जाते आणि मागे हाडाला ओळखीची वाटेल अशी जमीन सोडून जाते.

माझ्या पहिल्या प्लेटमधल्या पेशी गेल्या त्या या पहिल्याच पायरीवर. सोडियम बाहेर, हायड्रोजन आत, म्हणून द्रव अल्कधर्मी. शरीरात रक्त सतत वाहतं, सुटलेलं सगळं घेऊन जातं, सामू सावरून धरतं. माझ्या खळग्यात मोजकं मीडियम होतं आणि त्यात मी काचेची बारीक पूड सढळ हातानं घातली होती. सोबत काम करणारी जीवशास्त्रातली मैत्रीण प्लेट बघून म्हणाली, “अगं, तू काच तपासलीस की पेशींना साबणाच्या पाण्यात बुडवलंस?” तिनं मला काच आधी एक-दोन दिवस मीडियममध्ये भिजवून, द्रव बदलून, मग पेशींपुढे ठेवायला शिकवलं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या एमजी-63 पेशींची निगा कशी ठेवायची तेही तिच्याकडूनच शिकले. या पेशी मूळच्या हाडाच्या कर्करोगातल्या, त्यामुळे काटक. काटक पेशी जगल्या म्हणून नाजूक पेशी जगतीलच असं नाही, हे ती दर वेळी बजावायची.

त्याच सुमारास आमच्या प्रकल्पात एक अस्थिशल्यचिकित्सक आले. गाठ काढल्यावर किंवा अपघातात हाडाचा तुकडा गेल्यावर उरलेली पोकळी भरायची, तर ते रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून चुरा काढून तिथे भरत. ते सांगत, “रुग्ण महिन्याभरानं येतो तेव्हा मूळ जखमेबद्दल नाही, कमरेबद्दल तक्रार करतो. आपलंच हाड काढायचं म्हणजे बरं करण्यासाठी आणखी एक जखम करायची.” आमच्या काचेचे नमुने त्यांनी हातात घेऊन पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: “हाड भरायला महिने लागतात. तुमची काच तोवर थांबेल का?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही तोपर्यंत काच किती लवकर प्रतिसाद देते एवढंच मोजत होतो. जितक्या लवकर अॅपेटाइट, तितकी काच चांगली, असं आमच्या वहीत जणू गृहीतच होतं.

45एस5ची आणखी एक अडचण होती. पोकळीत भरायला सच्छिद्र ठोकळे हवेत, तर पूड दाबून तापवावी लागते, म्हणजे कण एकमेकांना चिकटतात. पण ही काच मऊ पडून कण नीट जुळायच्या आतच स्फटिक होऊ लागते. जुळलेला ठोकळा हातात येतो, तोवर तिची काच म्हणून असलेली ओळख बरीचशी गेलेली असते. इथे मॅग्नेशियम आलं. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या 13-93 या काचेत सोडियम कमी करून पोटॅशियम आणि 5 टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड घातलेलं आहे. ती स्फटिक न होता आरामात तापवता येते, तिचे तंतूही ओढता येतात. त्याआधी 1982 साली जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तादाशी कोकुबो यांनी केलेल्या ए-डब्ल्यू काच-सिरॅमिकमध्येही साडेचार टक्क्यांच्या वर मॅग्नेशियम ऑक्साइड होतं. म्हणजे आम्ही काही नवं शोधत नव्हतो. आम्हाला समजून घ्यायचं होतं की मॅग्नेशियमचं प्रमाण पायरीपायरीनं वाढवत नेलं तर जिवंत पेशी काय म्हणतात.

या टप्प्यावर घरचे, शेजारचे हमखास विचारत, मॅग्नेशियम म्हणजे शाळेत डोळे दिपवत जळायची ती फीत ना? ती हाडात? मी सांगे की ती फीत म्हणजे धातू. धातूचं मॅग्नेशियम शरीरात विरघळताना हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडतं, आणि ते लवकर विरघळलं तर तो त्रास होतो. काचेत ते आधीच ऑक्सिजनशी बांधलेलं असतं, वायू सुटत नाही. आणि मॅग्नेशियम शरीराला परकं अजिबात नाही. मोठ्या माणसाच्या अंगात ते सुमारे 25 ग्रॅम असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक हाडातच असतं. पेशीच्या पृष्ठभागावरची जी प्रथिनं आधार पकडतात, त्यांना पकडीसाठी मॅग्नेशियमसारखे दुहेरी भाराचे आयन लागतात. जनावरांच्या आहारातून मॅग्नेशियम काढून घेतलं तर त्यांची हाडं विरळ होतात. त्यामुळे आमची आशा निराधार नव्हती.

काच वितळवण्याचे दिवस मला सगळ्यात आवडायचे. आमच्या भट्टीचा कारभार एका ज्येष्ठ तंत्रज्ञांकडे होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. गारेची पूड, सोडियम आणि कॅल्शियमची कार्बोनेटं, मॅग्नेशियमचं कार्बोनेट, अमोनियम फॉस्फेट, सगळं तोलून, खलून मूस भट्टीत जायची. मूस प्लॅटिनमची. घरातल्या सोन्यासारखी तिची नोंद ठेवलेली, आणि वापरून झाल्यावर तिचं वजन होई. फॉस्फेटमधला अमोनिया आधी मंद आचेवर पूर्ण जाऊ द्यायचा, असा काकांचा दंडक होता. घाई केली तर फॉस्फरस प्लॅटिनमला खातो आणि कार्बोनेटांचा वायू एकदम सुटून मूस ओसंडते. तासन्‌तास आच चढवत 1400 अंशांपर्यंत जायचं. मग लांब चिमट्यानं मूस बाहेर काढून तापवलेल्या पितळी साच्यात ओतायची, आणि साचा लगेच दुसऱ्या भट्टीत, 500 अंशांच्या आसपास, रात्रभर निवायला. पहिल्यांदा ते ओतणं पाहिलं तेव्हा आजोबांची आठवण आली. मधासारखी धार तीच, आणि ती ओतली की खोलीत सगळ्यांचं बोलणं थांबणंही तेच.

पहिल्या मालिकेत मी जी चूक केली ती आता दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. कॅल्शियम ऑक्साइडच्या जागी मॅग्नेशियम ऑक्साइड घालायचं होतं. मी वजनावर अदलाबदल केली, इतके ग्रॅम काढले, तितकेच ग्रॅम घातले. पण कॅल्शियम ऑक्साइडचा मोल 56 ग्रॅमचा आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचा 40 ग्रॅमचा. म्हणजे वजन सारखं राहिलं, तरी आत जाणारी संख्या सुमारे 1.4 पट झाली. सिलिकाच्या जाळ्यात हात सोडवणारे वाढले. जाळं जास्त तुटलं आणि काच जास्त विरघळू लागली. मी आनंदानं वहीत लिहिलं की मॅग्नेशियममुळे काच अधिक क्रियाशील होते. प्रत्यक्षात मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय एकीलाच दिलं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी वही वाचून फक्त विचारलं, “हे टक्के कशाचे?” मला उत्तर देता देताच चूक उमगली. सात-आठ महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतर या विषयावरचे प्रबंध त्या प्रश्नासह वाचायला लागले, तेव्हा दिसलं की मॅग्नेशियम काचेला चपळ करतं असं काही जण सांगतात आणि मंद करतं असं दुसरे, आणि या मतभेदाचं एक कारण हेच असतं. कुणी ते कॅल्शियमच्या जागी घातलेलं, कुणी सोडियमच्या, कुणी थेट सिलिकाच्या. कुणी मोलवर, कुणी वजनावर. त्यात मॅग्नेशियमचा स्वभावही सरळ नाही. बराचसा भाग कॅल्शियमसारखा जाळं तोडतो, पण काही भाग सिलिकॉनसारखा जाळ्यातच जागा धरतो. घरचाही आणि पाहुणाही.

दुसरी मालिका मोलवर बनवली. मग आली सिम्युलेटेड बॉडी फ्लुइडची परीक्षा. कोकुबो यांनी 1990 साली रूढ केलेला हा द्रव म्हणजे रक्तातल्या द्रवाची क्षारांपुरती नक्कल. त्यात सोडियम 142, कॅल्शियम 2.5, मॅग्नेशियम 1.5 मिलिमोल प्रतिलिटर, सामू 7.4, तापमान साडेछत्तीस अंश. हा द्रव बनवणं म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. क्षार ठरलेल्या क्रमानंच घालायचे आणि एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा नाही. भांडं काचेचं चालत नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकचंच लागतं आणि त्यावर ओरखडा नको, कारण ओरखड्याच्या कडेवरच अॅपेटाइट धरायला लागतं. द्रव जरासा धुरकट दिसला की सगळा फेकून पहिल्यापासून सुरुवात. मी कितीदा फेकला त्याची गणती नाही.

मॅग्नेशियम नसलेल्या नमुन्यावर तिसऱ्या दिवशीच अॅपेटाइटची खूण दिसली. अवरक्त वर्णपटात 560 आणि 600च्या आसपास दोन शिखरं उमटतात. अॅपेटाइटचे स्फटिक झाल्याची ती ओळख आहे. मॅग्नेशियमच्या नमुन्यावर तिथे एकच पसरट उंचवटा होता. म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट जमले होते, पण आकार घेत नव्हते. सातव्या दिवशी जवळजवळ तेच. चौदाव्या दिवशी कुठे तो उंचवटा दुभंगू लागला. प्रमाण वाढवावं तसा उशीर वाढत होता. कारण तसं माहीत होतं. मॅग्नेशियमचा आयन कॅल्शियमपेक्षा लहान असतो आणि पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. वाढत्या अॅपेटाइटच्या पृष्ठभागावर तो बसला, की पुढच्या कॅल्शियमची वाट अडते. कारण माहीत असूनही मन खट्टू झालं. आमच्या गृहीतकाप्रमाणे मॅग्नेशियमची काच नापास झाली होती. बैठकीत ही मालिका बंद करून जुन्याच काचेवर परतावं, असं मीच सुचवलं.

थांबवलं मैत्रिणीनं. ती म्हणाली, “पेशींना विचारल्याशिवाय?” मी आत्तापर्यंत बाटलीला विचारत होते. तिनं नमुने भिजवून, द्रव बदलून पेशींपुढे ठेवले. जिवंतपणा मोजायला एमटीटी चाचणी केली. त्यात जिवंत पेशी पिवळ्या रंगाचं रूपांतर जांभळ्या कणांत करतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नियंत्रण नमुन्याच्या तुलनेत जिवंतपणा 30 टक्क्यांहून अधिक घसरला, तर पदार्थ विषारी धरतात. मॅग्नेशियमच्या काचा त्या रेषेच्या पुष्कळ वर होत्या. पण खरं काय झालं ते मला आकड्यांनी नाही, चित्रांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मॅग्नेशियमच्या मध्यम प्रमाणाच्या काचेवर पेशी आडव्या पसरल्या होत्या, त्यांचे पातळ तंतू कणाकणाला धरून होते, शेजारच्या पेशीपर्यंत पोचले होते. त्या काचेचा सामू सावकाश चढत होता, पेशींना सावरायला वेळ मिळत होता. सगळ्यात जास्त मॅग्नेशियमच्या नमुन्यावर मात्र पेशी जगल्या, पण त्यांनी खनिज जमवण्याचं काम कमी केलं. मॅग्नेशियमचा गुणही प्रमाणातच असतो.

त्या आठवड्यात मी 2009 सालचा मार्क बोनर आणि जाक लमेत्र यांचा लेख पुन्हा वाचला. या कृत्रिम द्रवावरून पदार्थ हाडाला चिकटेल की नाही हे ठरवता येतं का, असा थेट प्रश्न त्यांनी विचारला होता. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हा हाडाच्या शस्त्रक्रियेत वर्षानुवर्षं वापरात असलेला पदार्थ आहे. बाटलीतल्या द्रवात त्यावर अॅपेटाइट सहजी धरत नाही, तरी शरीरात हाड त्याला येऊन भिडतं. पूर्वी हा लेख मी परीक्षेसाठी वाचावा तसा वाचला होता. आता तो मला माझ्याच वहीवरचा शेरा वाटला. बाटलीत प्रथिनं नव्हती, पेशी नव्हत्या, वाहतं रक्त नव्हतं. आणि हाडातलं खरं खनिज तरी कुठे शुद्ध, मोठ्या स्फटिकांचं असतं? ते बारीक, अपूर्ण असतं, आणि त्यात अर्धा-पाऊण टक्का मॅग्नेशियमही असतं. मी ज्याला उशीर म्हणत होते, ते कदाचित हाडाच्या सवयीच्याच जवळ जाणारं होतं.

यानंतरचा टप्पा सशांचा. त्याबद्दल लिहिताना अजूनही शब्द जपून येतात. प्राण्यांवर काम करण्याची परवानगी नीतिसमितीकडून मिळते. किती प्राणी लागतील, त्याहून कमी का चालणार नाहीत, वेदना कशी कमी राखणार, याची कागदोपत्री उत्तरं द्यावी लागतात आणि ती द्यायलाच हवीत. शस्त्रक्रिया पशुवैद्यकांनी केल्या. गुडघ्यालगतच्या हाडात छोटी पोकळी करून त्यात कणीदार काच भरली. नंतरचे काही दिवस मी रोज सकाळी पिंजऱ्यांपाशी जायची, जखम बघायची, खाल्लं का बघायची. पिंजऱ्याची देखभाल करणारे मामा प्रत्येक सशाशी बोलायचे. पहिल्या आठवड्यात एक ससा पाय टेकेना, तेव्हा तेच मला बोलवायला आले होते. दोन दिवसांनी तो पाय टेकून उभा राहिला आणि मामांनी त्याच्यापुढे कोथिंबिरीची काडी धरली. जुळणं हा शब्द तोवर माझ्यासाठी आलेखावरचा होता. तो त्या दिवशी अंगाचा झाला. माझी काच त्या जिवाच्या आत होती आणि ती तिथे कशी वागते याची जबाबदारी माझी होती.

चार आणि बारा आठवड्यांनी नमुने आले. काच आणि हाड दोन्ही शाबूत राहावेत म्हणून क्षार न काढता, राळेत बसवून, घासून पातळ काप करतात आणि रंगवतात. सरांनी, डॉक्टरांनी, मैत्रिणीनं आणि मी आळीपाळीनं एकाच सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. हाड दोन्ही काचांना भिडलं होतं. परका पदार्थ बसवला की शरीर त्याच्याभोवती तंतुमय पापुद्रा विणून त्याला वेगळं पाडतं. तसा पापुद्रा कुठेच नव्हता. फरक वेगात होता. मॅग्नेशियम नसलेल्या काचेचे कण बारा आठवड्यांत बरेच झिजले होते आणि मधल्या काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या. हाड अजून तिथवर पोचलं नव्हतं. मॅग्नेशियमच्या काचेचे कण अजून उभे होते. हाड एका कणावरून दुसऱ्यावर, पुलावरून यावं तसं, आतपर्यंत आलं होतं. काही ठिकाणी कणाची कड कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. मोजके ससे, एक जागा, बारा आठवडे. यावरून जगाला काही सांगण्याइतका पुरावा होत नाही, आणि आम्ही तसा दावाही केला नाही. पण डॉक्टर डोळा न काढता बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ही थांबते.”

जैवसुसंगतता हा शब्द आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो तेव्हा तो पदार्थाचा गुण वाटतो, घनतेसारखा, रंगासारखा. इतक्या वर्षांनी मला तो नात्याचा शब्द वाटतो, आणि नात्यात वेळ धरावीच लागते. तीच काच साचलेल्या द्रवात पेशी मारते आणि वाहत्या रक्तात हाड वाढवते. तेच मॅग्नेशियम बेताचं असलं तर पेशीला पकड देतं आणि जास्त झालं तर खनिज अडवतं. जो पदार्थ शरीराच्या आधी पळतो तो पोकळी सोडून जातो. जो मुळीच हलत नाही तो वाटेत अडून बसतो. हाडाच्या चालीनं चालणं, त्याला लागतील तितके महिने त्याच्यासोबत राहणं आणि मग जागा सोडणं, एवढंच आम्ही काचेकडून मागत आहोत. आणि हे मागणं काही कमी नाही.

परवा पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी वर्णपटाचा कागद घेऊन आली. चेहरा उतरलेला होता. “मॅडम, तीन दिवस झाले, मॅग्नेशियमच्या नमुन्यावर काहीच नाही. एकच उंचवटा. बॅच पुन्हा करू का?” मी तिला विचारलं, टक्के मोलचे का? ती म्हणाली, हो. बाटली प्लॅस्टिकची? हो, नवी. मग मी तो कागद तिच्या वहीत चिकटवायला लावला, खाली तारीख लिहायला सांगितली आणि बाटली तिच्या हातात परत दिली.

“ठेव परत साडेछत्तीस अंशांवर. चौदाव्या दिवशी बघू. आणि तोवर पेशी वाढवायला घे.”